वरचं पाणी

विहिरीतून पाणी काढायची त्या गावाची एक रीत होती आणि आबिदाला ती कधीच धड जमली नाही. चामड्याची पसरट बादली दोराने हळूहळू खाली सोडायची, पाण्याला नुसती टेकवायची, एका अंगाने कलती करायची आणि दुधावरची साय काढावी तसं वरचं वर पाणी घ्यायचं. बादली बुडवायची नाही. आबिदा राजापूरच्या खाडीकाठची. तिकडे कळशी सोडली की बुडुक असा आवाज यायलाच हवा, नाहीतर पाणी काढल्यासारखं वाटत नाही. तिच्या हातून दोर सैल सुटायचा, बादली पोटापर्यंत बुडायची आणि मागे उभ्या असलेल्या बायका चुकचुकायच्या.

"हिला साय काढ म्हटलं की ही भांडंच ढवळते," उम्म नासर म्हणायची. म्हातारीचे दात पडले होते, जीभ शाबूत होती. तिचा नवरा अबू नासर एके काळचा पाणबुड्या, मोत्यांसाठी समुद्राच्या तळाशी जाऊन आलेला. त्यात त्याचे कान फुटले होते, आणि गावात सगळ्यांनी त्याच्याशी ओरडून बोलायचं आणि त्याने मात्र हळू बोलायचं, असा शिरस्ता पडला होता.

गाव कतारच्या पूर्व किनाऱ्याला, अल रुवैसच्या बरंच खाली, तिवरांत शिरलेल्या एका खाडीवर होतं. पुढे हिरवी तिवरं आणि चिखल, मागे नजर जाईल तिथवर पांढरट सपाट रान. मधे दगडमातीची थोडी घरं, एक मशीद, एक विहीर. भरतीला मासे कुडाच्या सापळ्यात शिरत, ओहोटीला बायका ते टोपलीत भरत. तिवराचा पाला शेळ्यांना. बाकी गावाजवळ काही नव्हतं आणि गावाला त्याचं काही वाटत नव्हतं.

उस्मान तिथे आला तो जैतापूरच्या फतेमारी गलबतावरून, सागाच्या फळ्या घेऊन. गावच्या एका बोटीचा कणा मोडला होता, तो त्याने बसवून दिला. मग दुसरी बोट आली, मग तिसरी. सुताराला काम सोडून जाता येईना. मधे एकदा घरी जाऊन निकाह करून तो आबिदाला घेऊन आला. दोन मुलं झाली. थोरली जन्नत. धाकटा इकबाल चालता-बोलता झाला, शेळीच्या मागे धावायला लागला आणि तापाने गेला.

त्याची कबर गावामागच्या मुरमाड उंचवट्यावर होती. तिथल्या लोकांची रीत साधी : उशाला दगड, पायथ्याला दगड, वर काही नाही. पण आबिदाच्या गावात कबरीवर सब्जा लावतात. तिने माहेरून आणलेलं सब्जाचं बी ओढणीच्या गाठीत होतं. तिने ते पेरलं. खाऱ्या वाऱ्यात, त्या मुरमात, सब्जा धरला. दर गुरुवारी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की ती एक तांब्या पाणी नेऊन घाली. गावाला ते आवडत नव्हतं, पण मूल गेलेल्या बाईला कोण बोलणार? तेवढं सोडून दिलं होतं.

मग सलग तिसरा हिवाळा कोरडा गेला.

विहीर उथळ होती, आता तिच्या तळाशी घोटाभर पाणी राहिलं. बायका पहाटेच येऊन बसत. एकीने चार बादल्या काढल्या की पाणी पुन्हा जमेपर्यंत दुसरीने थांबायचं. त्या गुरुवारी आबिदा घागर डोक्यावर, तांब्या हातात घेऊन निघाली तशी उम्म नासर उठून उभी राहिली.

"तो तांब्या कुठे चाललाय?"

आबिदाची नजर उंचवट्याकडे गेली.

"मेलेल्याला तहान नसते, पोरी. माझ्या शेळीला असते. कालपासून तिची जीभ बाहेर आहे."

बाकीच्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. आबिदाने तांब्या म्हातारीपुढे ठेवला आणि घरी आली. मग घरच्या घागरीतलं, भातासाठी ठेवलेलं पाणी ओंजळीने दुसऱ्या भांड्यात घेतलं आणि पदराआड झाकून मागच्या बाजूने कबरीवर गेली. त्या दिवशी घरात भात शिजला नाही. उस्मानने खजूर आणि सुकी मासळी खाल्ली, का म्हणून विचारलं नाही.

गाव तसंही रिकामं होत चाललं होतं. दुखानला जमिनीतून तेल निघत होतं आणि धडधाकट माणूस तिकडे कंपनीत नाहीतर दोह्याला जात होता. उस्मानने दुरुस्त केलेल्या बोटी किनाऱ्यावर आडव्या पडून होत्या. उन्हात बोट पडली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. तो रोज एकेका बोटीवर समुद्राचं पाणी मारत फिरे, मालक परत येणार असल्यासारखा.

उस्मानचा धाकटा भाऊ खलील दुखानला कंपनीच्या सुतारशाळेत होता. ईदला तो लॉरीवाल्याची मिनतवारी करून गावात आला. अंगात खाकी सदरा, हातात पत्र्याच्या डब्यातलं दूध आणि जन्नतसाठी पाटी.

"भाबी, दोह्याला मी खोली घेतलीय," जेवताना तो म्हणाला. "दोन घरं सोडून रत्नांगिरीवाली सुगरा ऱ्हाते. पान्याचा टँकर दारात येतो. पोरीला शाळा हाय. हितं काय हाय?"

"हितं घर हाय," आबिदा म्हणाली.

"घर! भिंतीला हात लावला तर माती हातात येते. भाईजान, तुमी सांगा. बोटी कोनाच्या दुरुस्त करताव? माणूस हाय का बोटीत बसायला?"

उस्मान माशाचा काटा काढत राहिला. "फळी वाळली की गेली रे," तो म्हणाला. "माणूस येईल-जाईल."

"पानी संपलं की तुमी बी जाल. आज नाय तर रमजानपातूर. मी लॉरी घेऊन येतंय, इन्शाल्ला."

"पानी संपलं तर," आबिदा म्हणाली. तिने ताट उचललं. "माज्या इकबालला हितं एकट्याला टाकून मी नाय येनार. तुमच्या टँकरला सांगा तसं."

खलील गेल्यावर ती तिच्या बापाचं सांगू लागली. तिचा बाप अब्बास जांभ्याच्या खाणीतला. वैशाखात राजापूरच्या आसपास कुणाची विहीर आटली की त्याला बोलावणं येई. तो आत उतरे, खडकाला कान लावी, पहारीने वाजवून बघे. भरीव वाजला तर सोडून दे. पोकळ वाजला की झरा हाताशी आला. आणखी हात-दोन हात खाली गेलं की झरा फुटे आणि माणसं वर नाचत. आबिदा लहानपणी काठावर बसून हे बघत आली होती.

"आटलेली हीर खोल करायची. ह्याला काय शानपन लागतं? हितं कोनाला ठाव नाय, कोन सांगनार!"

उस्मान अबू नासरकडे गेला. आबिदा पडवीच्या कोपऱ्यात उभी राहिली. उस्मानने त्याच्या कानाशी ओरडून विहिरीचं सांगितलं. म्हातारा वाळूवर बोट ओढत हळू म्हणाला, "खाली समुद्र आहे, उस्मान. मी पाहिलाय तो. पावसाचं गोड पाणी त्याच्यावर तरंगत असतं. तू बोटीवाला माणूस. तरंगत्या बोटीच्या तळाला पहार लावशील का?"

उस्मानला ते पटलं. तो परत येताना मान हलवत होता.

"कान फुटलेत त्यांचे," आबिदा म्हणाली. "सारं आयुष्य समुद्रात गेलं, म्हनून जिथं तिथं समुद्रच दिसतो."

मग शेजारच्या घराला एक दिवस कुलूप लागलं. पुढच्या आठवड्यात आणखी एकाला. बायका सूर्य डोक्यावर येईपर्यंत रिकाम्या कातडी मशका मांडीवर घेऊन बसायला लागल्या. अबू नासरने उस्मानला बोलावून घेतलं.

"हातभर खण," तो म्हणाला. "हातभरच. पाणी गुडघ्याला आलं की वर ये. शब्द दे."

उस्मानने शब्द दिला.

तीन दिवस काम चाललं. उस्मान आत, आबिदा आणि म्हातारीची सून वर. खालून दगडाची टोपली भरायची, वरून ओढायची. खजुरीच्या काथ्याचा दोर तळव्याची साल काढायचा. उस्मानची पाठ चुनखडीने पांढरी झाली होती आणि घामाच्या रेघांनी तिला भेगा पडल्यासारख्या दिसायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने खालून हाक मारली.

"झालं गो! हातभर झालं. गुडघ्याला आलंय. गोड हाय. वढ मला वर."

आबिदाने वाकून पाहिलं. गुडघाभर पाणी. महिनाभर पुरेल, मग पुन्हा तेच.

"एकदा पहार वाजवून बघा वो."

"कशाला?"

"वाजवा तर."

त्याने वाजवली. पाण्याखालून आवाज आला, डब्ब. हा आवाज आबिदाच्या ओळखीचा होता. हा तिच्या माहेरचा आवाज होता.

"पोकळ वाजतंय! झरा हाय थितं. अवो, झरा हाताशी आलाय."

"म्हाताऱ्याला सबूद दिलाय मी."

"म्हातारा काय आत उतरलाय? तुमाला लाकूड कळतं, दगूड माज्या बापाला कळत होता. दोन घाव घाला."

"नको गो. वढ."

आबिदाने दोर ओढला नाही. तिने तो हातात नुसता धरून ठेवला. "महिन्यान तुमचा भाऊ लॉरी घेऊन येईल," ती खाली वाकून म्हणाली. "मंग पोराच्या उशाचा दगूड बी घेऊन चला संगती. लॉरीत घाला. चालंल?"

खालून पहारीचे घाव ऐकू आले. एक. दोन. तिसऱ्याला उस्मान ओरडला, आणि पाणी त्याच्या मांड्यांवरून वर चढताना आबिदाने डोळ्यांनी पाहिलं. थंडगार, निळसर. त्याला बाहेर काढेस्तोवर ते छातीला लागलं होतं.

तिने ओंजळीत घेऊन चाखलं. गोड.

त्या दिवसांसारखे दिवस त्या गावाने कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. बायकांनी केस धुतले. शेळ्यांना दोन-दोन वेळा पाणी मिळालं. पोरांना अंघोळी घातल्या आणि पोरं ओरडली. आबिदाने बादली मनसोक्त बुडवली, बुडुक आवाज झाला तरी कुणी चुकचुकलं नाही, उलट दुसऱ्याही बुडवायला लागल्या आणि एकमेकींकडे बघून हसल्या. उम्म नासर खजुराची परडी घेऊन दारात आली.

"तुझा बाप जिवंत आहे का?" तिने विचारलं.

"नाय. गेला."

"अल्लाह त्याच्यावर रहम करो. चांगलं शिकवलंन तुला." मग जाता जाता, दुसरीकडे बघत ती म्हणाली, "पोराला तांब्याभर घालत जा. आता आहे पाणी."

आबिदा त्या संध्याकाळी दोन तांबे घेऊन गेली.

अबू नासर तेवढा विहिरीकडे फिरकला नाही. उस्मान त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने विचारलं, "हातभर?" उस्मानने मान खाली घातली. म्हाताऱ्याला एवढं ऐकू आलं.

पहिल्यांदा चहा फाटला. आबिदाने शेळीच्या दुधाला नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या दुधाचा केला, तोही फाटला.

"अम्मा, पानी कसंतरी लागतं," जन्नत म्हणाली.

"गप. भांडं नीट धुतलं नसशील."

"अम्मा, खरंच."

"गप म्हटलं ना!"

पण गुरुवारी ती कबरीवर गेली तेव्हा सब्जाच्या पानांच्या कडा करपलेल्या होत्या. उन्हाने पान मान टाकतं, ते तिला माहीत होतं. हे तसं नव्हतं. कडा तपकिरी, कुरकुरीत, आणि बुंध्याशी मातीवर पांढरी साय धरलेली. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ. मग तशीच बसून राहिली. तांब्यातलं पाणी तिने ओतलं नाही. तांब्या घेऊन परत आली.

तिने घरात कुणाला सांगितलं नाही. एक रात्र गेली. तेवढ्याने काय होणार होतं! सकाळी विहिरीवर उम्म नासरने बादली काढली, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. मग दुसरीने चाखलं. मग तिसरीने. आबिदा घागर कमरेवर घेऊन उभी होती. कुणीतरी तिला शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं. कुणी दिल्या नाहीत. बायकांनी आपापल्या मशका उचलल्या आणि एकेक करून त्या तिच्या शेजारून निघून गेल्या. एकीच्या बुरख्याचा काठ तिला घासला तर त्या बाईने तो आवरून घेतला.

उस्मान बोटी गळायच्या थांबवतो, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. सांध्यात कापूस ठोकायचा, त्यावर माशाचं तेल, वरून चुना आणि चरबीचा लेप. त्याने ते सगळं टोपलीत भरलं आणि तो विहिरीत उतरला. गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून, श्वास धरून, बुडी मारून, तो तळाच्या भोकात कापूस कोंबत होता. वर यायचा, धापा टाकायचा, छिन्नी आणि मोगरी घेऊन पुन्हा बुडायचा. ठोकल्याचा आवाज पाण्यातून मऊ यायचा. कापूस मात्र थोड्या वेळाने तरंगत वर यायचा, तेलाच्या वर्तुळात. आबिदा तो बादलीने काढून परत त्याला द्यायची. त्याचे डोळे लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी अबू नासर सुनेचा हात धरून आला. काठाशी बसला. खाली बघत म्हणाला, "वर ये, उस्मान. बोटीत बसून गळती थांबवतात. तू बोटीखाली बसलायस."

उस्मान वर आला. काठावर बसून त्याने मोगरी मांडीवर ठेवली आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्याने उस्मानच्या ओल्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं.

"पाऊस आला की पुन्हा गोड होईल?" आबिदाने ओरडून विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा म्हाताऱ्याशी बोलली.

"होईल," म्हातारा म्हणाला. "जन्नतची नातवंडं पितील."

गाव फुटायला फार दिवस लागले नाहीत. जे आज ना उद्या जाणारच होते ते गेले, आणि जे कधीच जाणार नव्हते तेही गेले. आबिदा आपल्या माथी धरत होती ती फक्त ह्या दुसऱ्यांना. अबू नासरला घेऊन जायला त्याचा पुतण्या अल रुवैसहून बोट घेऊन आला. वाटेसाठी गोड पाण्याची एक मशक आणली होती. त्याच दिवशी खलीलची लॉरीही आली. खलील काही टोचून बोलला नाही. भांडी, चटया, उस्मानची हत्यारं त्याने मुकाट्याने चढवली.

उम्म नासर किनाऱ्याकडे निघाली होती. ती थांबली, वळली, आबिदाच्या दारात आली. मशकेचं तोंड सोडलं.

"वाटी आण."

"खाला, तुमाला वाटेत लागंल."

"वाटी आण म्हटलं."

आबिदाने वाटी धरली. म्हातारीने ती काठोकाठ भरली, थेंब सांडू दिला नाही. मशकेचं तोंड बांधलं आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही.

लॉरीवाला भोंगा वाजवत होता. "यल्ला! यल्ला!" आबिदा वाटी दोन्ही हातांत धरून उंचवट्यावर गेली. सब्जाच्या काळ्या काड्या उरल्या होत्या. हाताने धरली तर काडी मुळासकट वर आली. तिने ती परत होती तिथे खोचली, माती दाबली आणि वाटी तिच्या बुंध्याशी ओतली. मुरमाने पाणी पिऊन टाकलं. ओलसर डाग थोडा वेळ राहिला, मग तोही फिका पडला. लॉरीतून जन्नत हाका मारत होती.

दोह्यात खोली होती, दार होतं, दारात पत्र्याचं पिंप होतं. टँकर आला की माणूस पाइप लावून पिंप भरून देई. जन्नत पाटी घेऊन शाळेत जायला लागली. उस्मान एका ठेकेदाराकडे खिडक्यांच्या चौकटी करायला लागला. संध्याकाळी येऊन तो भिंतीला टेकून बसायचा आणि हाताला आता माशाच्या तेलाचा वास येत नाही, एवढंच कधीमधी म्हणायचा.

एक दिवस शेजारची सुगरा मीठ मागायला आली. आबिदा पिंपापाशी उभी होती. गळ्यापर्यंत भरलेलं पिंप. तिने तांब्या हळूच पाण्यावर टेकवला, एका अंगाने कलता केला, आणि वरचं पाणी आत येऊ दिलं, थोडं, मग आणखी थोडं. लाट उठली नाही. कळशी भरायला तिला वेळ लागत होता. सुगरा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्या काय गो तुजा! बुडव की तांब्या सरळ. खाली काय समुद्र हाय?"

आबिदाने तांब्या कळशीत रिकामा केला, आणि पुन्हा पाण्याला टेकवला.